दोन बोटांचा दोर

आमच्या दाजींच्या अंगणात पाऊल टाकलं की पाण्याच्या तांब्याआधी हातात दोर यायचा. "डाव्या हातानं वढ. दोन बोटांनी. अंगठा लावू नको." पोस्टमनने ओढला, वीजमीटर बघायला आलेल्याने ओढला. पूजेचं बोलावणं घेऊन आलेले भटजी म्हणाले, "अहो, डावा कसा?" दाजी म्हणाले, "देवाला नाय सांगत." भटजींनीही ओढला.

दोराच्या दुसऱ्या टोकाला शीड होतं आणि शिडाखाली होडी. हे सगळं पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत, जिथे पाणी म्हणजे विहिरीचं आणि तेही मार्चपर्यंत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी जन्मभर मुंबईत एका क्लबातल्या शिडाच्या होड्या सांभाळल्या. निवृत्त होताना मोडीत निघालेला एक जुना कॅटमरान मागून घेतला आणि ट्रकवर घालून वाडीत आणला. दोन अरुंद होड्या, मध्ये ताणलेलं कापड. शेजारच्या काकूने कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं. "होडी कसली गो, खाट हाय ती." पुढे सगळे खाटच म्हणू लागले. ताईने पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यावर पापड वाळत घातले.

दाजींचा सगळा जीव मात्र त्या दोरात. त्याला ते मेनशीट म्हणायचे, शिडाचा लगाम. ओढला की शीड आत येतं, सोडला की बाहेर जातं. तो ज्यांतून फिरायचा त्या जुन्या पुल्या गंजून बसल्या होत्या. मग महाडच्या बाजारात फेऱ्या सुरू झाल्या.

"विहिरीला?" दुकानदाराने विचारलं.

"होडीला."

"कुठलं बंदर?"

दाजींनी वाडीचं नाव सांगितलं. दुकानदाराने चहा मागवला.

जुन्यांच्या जागी नव्या बसल्या, तरी दाजी थांबेनात. पुली वाढवली की ओढ हलकी होते, पण दोर लांबतो. लांबता लांबता तो अंगणभर झाला. कोंबड्या त्यात अडकू लागल्या. एकदा वारा सुटला आणि शिडाखालचं आडवं दांडकं गर्रकन फिरून सरपंचांची टोपी घेऊन गेलं.

"एवढा दोर कशाला रे? हत्ती बांधतोस काय?" सरपंच टोपी झटकत म्हणाले.

"अजून जड येतंय," दाजी म्हणाले.

कोणाला जड येतंय ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच डावा हात पुढे करायला कोणी खळखळ करत नसे.

लग्न झाल्यापासून ताई वाडीतच होती. शेत, गुरं, सासूसासरे. मुंबईतल्या होड्यांचं तिने फक्त ऐकलं होतं. खाट दारात आली तेव्हा ती म्हणाली होती, "मला पन न्या एकदा पाण्यात. पन पावण्यासारी बसायची नाय मी. दोर माज्या हातात पायजे." पुढच्याच वर्षी अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली. डावा हात संधिवाताने आधीच आखडलेला. त्याची दोन बोटं तेवढी वाकायची.

संध्याकाळी दाजी तिला खुर्चीसकट अंगणात आणत. ती बोटं अडकवून ओढायची. दोर जागचा हलायचा नाही.

"जन्मभर मुंबईत हेच करत व्हता व्हय तुमी?" ती विचारायची.

दुसऱ्या दिवशी दाजी पुन्हा महाडच्या एसटीत.

मार्गशीर्षात ताई गेली. आणलेली शेवटची पुली लावायची राहिली होती. तेराव्याची जेवणं उरकल्यावर कोणीतरी म्हणालं, "आता खाट इकून टाका." दाजी उठले. हात धुऊन आले आणि पुली लावत बसले.

परवा त्यांनी होडी टेम्पोत घालून दासगावला नेली. सोबत मला घेतलं. मी महाडच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. पाण्याची मला भीती आहे. पण ताई गेल्यापासून कशालाच नाही म्हणायची ताकद राहिलेली नाही. सावित्रीला भरती होती, वारा बेताचा. दाजी मागे सुकाणू धरून बसले आणि दोर माझ्याकडे दिला. मी तो मुठीत धरला.

"दोन बोटांनी, मास्तर. डाव्या."

"दाजी, माझे दोन्ही हात धड आहेत."

"हायत ना. पन पुल्या तिच्या मापानं लावल्यात."

मी बोटं अडकवली. दोर येत राहिला, मांडीवर साठत राहिला, आणि शीड हळूहळू आत आलं. हाताला भार असा काही लागलाच नाही. होडी वाऱ्याला लागली.

दाजी माझ्याकडे न बघता शिडाकडे बघत होते.

"आला ना?"

"आला."

"मंग तिला पन आला असता," ते म्हणाले, आणि पुढचा बराच वेळ त्यांनी होडी वळवली नाही.