टोपीखालची पाहुणी

"हे बघा, मुलांना फिरायला नेताय, चौकीवर नाही," आजीने दारातच आजोबांना बजावलं. "उलटतपासणी करायची नाही. आणि धाकटीवर डोळे वटारायचे नाहीत."

"मी कधी डोळे वटारले?" आजोबा डोळे वटारून म्हणाले.

आजोबांची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. ते निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. अजूनही जिन्यात कोणी समोरून आलं की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. फुकट्या प्रवाशांच्या सबबी ऐकून कान इतके किटले होते, की समोरच्याने तोंड उघडलं रे उघडलं की ते तळहात वर करायचे आणि म्हणायचे, "कारणं नकोत." त्या तळहातापुढे भलेभले गप्प झाले होते. दुर्दैवाने त्यांत त्यांची नातही होती.

मुलगा आणि सून नव्या गावी बिऱ्हाड थाटत होते, तोवर नातवंडं आजी-आजोबांकडे राहायला आली होती. थोरला नातू म्हणजे वाहता नळ. धाकटी मनी मात्र आजीच्या कानाशी तासन्‌तास कुजबुजायची आणि आजोबा खोलीत आले की आजीच्या पाठीमागे जायची. इतक्या दिवसांत आजोबांच्या वाट्याला तिचं एक "हं" तेवढं आलं होतं. आजोबा वरून काही दाखवत नसत, पण ते त्यांना फार लागलं होतं. आता लवकरच मुलं जाणार, आणि जाण्यापूर्वी पोरीने आपल्याशी एकदा तरी मोकळेपणी बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आजची सहल त्यासाठीच होती.

शहराच्या मधोमध, उंच इमारती आणि पाण्याची टाकी यांच्या कचाट्यातून सुटलेला एक हिरवा तुकडा होता. एक तळं, लाकडी पूल, दाट झुडपं आणि कामावर हजर असल्यासारखा उभा असलेला एक बगळा. फाटकावर पाटी होती: आतलं काहीही बाहेर नेऊ नये, बाहेरचा कोणताही जीव आत आणू नये. आजोबांनी ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवली. नियम वाचताना त्यांचा आवाज नेहमीच मऊ व्हायचा.

आत गेल्यावर नातवाने बगळ्याविषयी इतके प्रश्न विचारले, की बगळा कंटाळून उडून गेला. मनी मात्र खाऊचा डबा छातीशी धरून गप्प होती. तळ्याकाठी ती झुडपापाशी उकिडवी बसली, डब्याचं झाकण किलकिलं केलं आणि आजोबांकडे बघून पटकन मिटलं. आजोबांनी ते टिपलं. बिनतिकीट माणूस ते लांबून ओळखायचे.

परत निघाले आणि फाटकाबाहेर येऊन थांब्यावर उभे राहिले, तेव्हा न राहवून ते म्हणाले, "मने, डबा बघू."

डब्यात एका पानावर गोगलगाय बसली होती. तिच्या शंखावर लालभडक ठिपका होता.

"अरे बापरे!" आजोबा डब्यावर वाकले. "हा ठिपका बघ. ही दुर्मीळ जात दिसतेय. आतून उचललीस?"

मनीने तोंड उघडलं. आजोबांचा तळहात सवयीने वर गेला. "कारणं नकोत."

मनीने तोंड मिटलं. आजोबांना लगेच आजी आठवली आणि त्यांनी आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला. "मी रागावलो नाही हं, बाळ. पण तिची आई तिची वाट बघत असेल ना? आपण तिला गुपचूप तिच्या घरी सोडून येऊ."

मनीचे डोळे डबडबले. पोरीला पश्चात्ताप झाला, असं समजून आजोबांचा ऊर भरून आला.

फाटकावरच्या बाईंनी त्यांना अडवलं. "तिकीट?"

"आत्ताच तर बाहेर पडलो."

"बाहेर पडलात की तिकीट संपलं."

आजोबांना ते मनापासून पटलं. त्यांनी नवी तिकिटं काढली. पण आता ते डबा दोन्ही हातांत इतक्या जपून धरून चालले होते, की बाईंना संशय आला.

"डब्यात काय आहे?"

"गोगलगाय," खोटं बोलायची सवय नसलेले आजोबा म्हणाले.

"बाहेरचा जीव आत नेता येत नाही."

"बाहेरची नाही हो, आतलीच आहे."

"मग बाहेर कशी आली?" बाईंनी कमरेवर हात ठेवले.

आतली म्हणावी तर नात गुन्हेगार, बाहेरची म्हणावी तर आत प्रवेश नाही. आपल्यासारख्याच एका माणसाशी गाठ पडल्याचं त्यांच्या ध्यानात आलं आणि आयुष्यात प्रथमच त्यांना अशा माणसांचा राग आला.

"बरं, बाहेर सोडून येतो," असं पुटपुटत ते भिंतीच्या आडोशाला गेले. तिथे त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गोगलगाय उचलून आपल्या टकलावर ठेवली आणि वरून टोपी घातली. नातू आनंदाने उड्या मारू लागला.

"आजोबा, ती चालतेय का?"

"गप्प बस."

"गुदगुल्या होतायत?"

"अरे, गप्प बस म्हटलं ना!"

पुन्हा फाटक आलं. बाईंनी डबा उघडून पाहिला. "हे काय?"

"कोबीचं पान," नातू म्हणाला.

"जेवण," आजोबा मान ताठ ठेवून म्हणाले. तळ्याकाठच्या झुडपात कोबी कुठून आला, हा प्रश्न त्यांच्यासारख्या चाणाक्ष माणसाला पडायला हवा होता. पण टकलावर काहीतरी गार आणि ओलं सावकाश पुढे सरकत असताना भल्याभल्यांनाही काही सुचत नाही.

"घाम किती आलाय तुम्हाला! टोपी काढा की," बाई म्हणाल्या.

"सर्दी आहे," असं म्हणून आजोबा मान न हलवता, दोन्ही हात जरा लांब धरून पुलाकडे चालू लागले. पूल ओलांडेपर्यंत गोगलगाय कपाळावर उतरली होती. झुडपापाशी पोचताच त्यांनी तिला हळूच पानाखाली ठेवलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

"झालं! पोचली घरी."

आणि मनीने भोकाड पसरलं.

"ते तिचं घर नाहीये! ती आपल्या घरची आहे! आजीच्या कुंडीतली घाईबाई आहे ती! ती कधीच कुठे फिरायला गेली नव्हती म्हणून मी तिला तळं दाखवायला आणलं होतं, आणि ती हरवू नये म्हणून आजीने तिला नेलपॉलिश लावून दिलं होतं, आणि मी सांगत होते, पण तू हात वर केलास! तू ऐकतच नाहीस!"

आजोबा मटकन खाली बसले. आजीला म्हणायची तसं पोर त्यांना आज "तू" म्हणाली होती, आणि एका दमात त्यांच्याशी इतकं बोलली होती. लाज वाटावी की आनंद व्हावा हे त्यांना कळेना. दोन्ही एकदम झालं आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलं माझं, मने," ते म्हणाले. "शोधू आपण तिला."

पानाखाली बघतात तर गोगलगायींची जत्राच भरलेली. आजोबा पँटची पर्वा न करता चिखलात रांगू लागले. नातवाने तेवढ्यात चार जणींना घाईबाई ठरवलं. शेवटी लाल ठिपका मनीलाच दिसला. घाईबाई होती तिथेच होती. घाई तिला कशाचीच नव्हती.

आता प्रश्न बाहेर पडायचा. या खेपेला आजोबांनी टोपी हातात घेतली, डबा उघडाच ठेवला आणि बाईंपुढे उभे राहिले. "ही आमच्या घरची आहे. टोपीखालून आत नेली होती. आता काय दंड असेल तो सांगा."

बाईंनी आधी त्यांच्या कपाळावरचा चकाकता ओघळ पाहिला, मग चिखलाने माखलेले गुडघे, मग शंखावरचा ठिपका.

"न्या," त्या हसू दाबत म्हणाल्या. "आमच्याकडच्या इतक्या नटत नाहीत."

बसमध्ये मनी आपण होऊन आजोबांशेजारी बसली. बस सुटली आणि आजोबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. "हं, आता सांग. घाईबाई कुठे भेटली तुला?"

मनी सांगू लागली. घाईबाईला पाऊस आवडतो पण वारा आवडत नाही, नव्या गावी तिला न्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, कारण तिला आजीची आठवण येईल. "आणि तुझीपण येईल, थोडी," असंही ती म्हणाली. आजोबा खिडकीबाहेर पाहत राहिले आणि त्यांना बाहेरचं काहीच दिसलं नाही.

"आजोबा, तिकीट," कोणीतरी म्हणालं. कोरा गणवेश घातलेला एक तरुण तपासनीस समोर उभा होता. त्याने तिकिटं उलटसुलट करून पाहिली. "हा थांबा कधीच मागे गेला. पुढचा प्रवास बिनतिकीट झाला तुमचा."

आजोबांनी बाहेर पाहिलं. खरंच, घर केव्हाच मागे पडलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्याचं काय झालं, माझी ही नात..."

तरुणाने तळहात वर केला. "कारणं नकोत."

आजोबांनी निमूटपणे तोंड मिटलं. पण मनी ताडकन सीटवर उभी राहिली. एका हाताने तिने आजोबांचा खांदा धरला आणि दुसरा तळहात तपासनिसाच्या तळहातासमोर उभा केला.

"आधी ऐकून घ्या. आमच्या आजोबांकडे कारण आहे."

मग तिने डबा उघडला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.