मच्छरदाणीतला हॉर्न

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर दुपारी कुणी मच्छरदाणीत बसलेलं दिसलं, तर ते शेजारचे सामंतकाका असतात. ते मोटारसायकलचं बटण दुरुस्त करत असतात. बटण उघडलं की आतली बारीक स्प्रिंग उडते. एकदा ती थेट गटारात गेली, तेव्हापासून काका हँडलवर मच्छरदाणी टाकतात आणि स्वतःही आत शिरतात. लोकांना वाटतं, डास. तेही अगदीच खोटं नाही.

मोटारसायकल माझ्याहून वयाने मोठी. काका कल्याणच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. "करंट शहाणा असतो रे, बटण आळशी असतं," हे ते लिफ्ट बंद पडली तरी म्हणतात आणि नळाला पाणी आलं नाही तरी म्हणतात.

गेल्या महिन्यात हॉर्न बंद पडला, तोही नेमका रविवारी सुमनकाकूंना टिटवाळ्याच्या गणपतीला न्यायचं ठरल्यावर. पूर्वी काकू मागे बसून अखंड बोलायच्या. "हळू! खड्डा! अहो, ब्रेक!" काका फक्त हँडल धरतात, गाडी काकूच चालवतात, असं आम्ही म्हणायचो. मग काकूंचं घशाचं ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला तो गेलाच. तेव्हापासून त्या गाडीवर बसल्याच नव्हत्या. आत्ता कुठे तयार झालेल्या.

"नवीन बटण आणा ना, काका."

"तुझा दात दुखला तर डोकं बदलतोस का?"

तीन दिवस काकांनी बटण घासलं, तारा तपासल्या, मला बल्ब धरून उकिडवं बसवलं. हॉर्न थेट बॅटरीला लावला की ठणठणीत, बटण दाबलं की ढिम्म. शनिवारी संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "हॉर्न राहू द्या, हँडल तरी झकास रंगवलंत." काकू बसणार म्हणून काकांनी ते नुकतंच स्वतः काळंभोर रंगवलं होतं.

मच्छरदाणीतून काकांचं डोकं एकदम बाहेर आलं.

"गाढव!" हे मला नव्हतं. "अरे, या बटणाचा करंट हँडलच्या लोखंडातून परत जातो. मीच मधे रंग फासलाय! चाळीस वर्षं काय झक मारली मी?"

मी घरातून सुरी आणली. काकांनी बटणाखालचा रंग खरवडला, बटण परत बसवलं आणि दाबलं. असा हॉर्न वाजला की तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या उघडल्या. काका मच्छरदाणीसकट नाचायला लागले. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी पाहतो तर काका मागच्या सीटखाली आणखी एक बटण बसवत होते.

"आता हे कशाला?"

"ती बसत नव्हती ना, मला वाटलं घाबरते. परवा वहीत लिहून दिलंन, 'हळू चालवा, हे सांगू कशी?'" काका खाली बघूनच स्क्रू पिळत राहिले. "ती मागे गप्प बसली, तर मला तरी गाडी चालवता येईल का रे?"

काकू नवी साडी नेसून आल्या, बसल्या. काकांनी गेटमधून गाडी मुद्दाम जोरात काढली. मागून लगेच हॉर्न वाजला, दोनदा.

"हो हो, हळू!" काका आनंदाने ओरडले.

नाक्याच्या वळणापर्यंत मला काकू ऐकू येत होत्या.