मला मरायला परवडत नाय

आमच्या शहापुरातले वाळकूकाका जीपच्या मागच्या सीटवरही हेल्मेट घालून बसतात. मुरबाडला लग्नाला गेलो तेव्हा लोक नवरीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते. शिवाय बोटं मनगटावर, नाडी बघत. पंगतीत जिलेबी आली तर पानावर दोन्ही हात आडवे. "नको गो. मला मरायला परवडत नाय."

काका भातसानगरला धरणावर नोकरीला होते. लग्न केलं नाही. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं, म्हणून दारापासून फाटकापर्यंत गोणपाटं अंथरतात आणि त्यावरूनही भिंत धरून चालतात. शिंक आली की दवाखाना. आम्ही शेजारी पोट धरून हसायचो.

गेल्या चैत्रात भर दुपारी त्यांची हाक आली. बघते तर छातीला हात, अंगाला घाम. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीचा ईसीजी काढला. डॉक्टरीणबाई हसल्या. "हृदय ठणठणीत आहे, काका. पित्त झालंय. एवढं काय भिता मरणाला?"

काका बाहेर बाकड्यावर बसले आणि रडायलाच लागले.

"मरणाला कोण भितंय गो? पेन्शन माझ्या जिवावर चालू हाय. मी गेलो की बंद. बहिणीला मागं मिळत नाय. विचारून आलोय मी."

बहीण म्हणजे थोरली ठमाआत्या. लकवा झाल्यापासून अंथरुणावर. वाडीवरची शेवंती दिवसभर तिचं सगळं करते. शेवंतीचा पगार, आत्याची औषधं, डायपर, सारं त्या पेन्शनीतून. नवऱ्यानं टाकलेल्या या आत्यानं धरणाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहून काकांना शिकवलं होतं.

"शेवंती किती दिवस फुकट करेल? तिला पण पोरं हायेत." काकांचा आवाज एकदम खाली गेला. "रोज देवाला सांगतो, हिला आदी ने. सख्ख्या बहिणीचं मरण मागतो गो मी."

'मी बघेन' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि घरी खाटेवर पडलेली माझी सासू आठवली. तोंड मिटलं.

घरी आलो. शेवंतीनं भात वाढून ठेवला होता. काकांनी तो कुस्करला, घास फुंकला आणि आत्याच्या तोंडाशी नेला. आत्यानं मान फिरवली. तिची जीभ जड झालीय, तरी शब्द कळले.

"तू... आदी."

"नाय आक्का," काका म्हणाले. "तू आदी."