तेरावा चौकोन

आमच्या सासऱ्यांच्या कानांना डॉक्टरांनी चार महिन्यांची मुदत दिली होती. डावा कान आधीच निवृत्त झाला होता. उजवा मुदतवाढीवर होता.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. बॉनेट न उघडता, नुसता कान लावून ते गाडीचं दुखणं सांगत. गाडी दुरुस्त झाली की जॉबकार्डावर एकच शेरा लिहीत : ‘ठीक’. त्याच्या वरचा शेरा त्यांच्याकडे नव्हता. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याही इंजिनाला ‘उत्तम’ म्हटलं नाही. लग्नात मला पाहूनही ते ‘ठीक’ एवढंच म्हणाले होते. तो माझा गौरव होता हे मला सहा वर्षांनी कळलं.

तर मुदत संपण्याआधी मामांना शर्यतीच्या गाडीचं इंजिन एकदा समोरासमोर ऐकायचं होतं.

“टीव्हीवर ऐकता की रोज,” मी म्हणालो.

“जावईबापू, जेवणाचा फोटो बघून ढेकर येते का?”

मी तीन तिकिटं काढली. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत बावीस कलमं होती. ती वाचण्याची वेळ कुणावरच येत नाही, म्हणून आमच्यावरही आली नाही.

माझी पत्नी शाळेत उपमुख्याध्यापिका आहे आणि शाळेचं वेळापत्रक तीच करते. शर्यत चारला होती. पण मैदानालगतचं ‘प्रेक्षक आनंद क्षेत्र’ सकाळी दहालाच उघडणार होतं. “आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ,” असं म्हणून तिने दिवसाचे तास पाडले. प्रत्येक आनंदाला वीस मिनिटं, मध्ये एक छोटी सुट्टी, आणि शंकानिरसनासाठी पाच मिनिटं राखीव.

फाटकावर एका गणवेशधारी बाईंनी आमच्या मनगटांवर पट्टे बांधले आणि प्रत्येकाला एक ‘आनंदपुस्तिका’ दिली. आत बारा चौकोन होते.

“बारा शिक्के झाले की प्रेक्षक गॅलरीचं दार उघडेल,” बाई म्हणाल्या.

“आम्हाला फक्त शर्यत बघायची आहे,” मामा म्हणाले.

लग्नाला येऊन ‘मला फक्त लग्न बघायचंय’ म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघावं, तसं त्यांनी मामांकडे बघितलं. मग समजावून सांगितलं. पूर्वी लोक थेट गॅलरीत जाऊन बसत. त्यामुळे आनंद क्षेत्राचा वापर फक्त एकतीस टक्के होई. त्यावर समिती नेमली गेली. समितीला असं आढळलं, की आनंद ऐच्छिक ठेवला तर लोक तो घेत नाहीत.

पहिला शिक्का सोपा होता. पुठ्ठ्याच्या शर्यतवीराच्या भोकातून डोकं बाहेर काढायचं. दुसरा कर्णरक्षण कक्षाचा. तिथल्या मुलीने मामांच्या हातावर स्पंजाचे दोन बोळे ठेवले.

“बाळ, मी ऐकायला आलोय.”

“ऐका की आजोबा. पण हे घालून ऐका.”

पाचव्या चौकोनावर ‘रांगेतील आनंद’ असं लिहिलं होतं. रांगेत कंटाळणाऱ्यांचं मन रमवायला तिथे उंच काठ्यांवर चालणारा विदूषक नेमला होता. शिक्क्याची अट : किमान तीस मिनिटं रांगेत उभं राहणं. आम्ही गेलो तेव्हा रांगच नव्हती.

“मग शिक्का देऊन टाका,” मी म्हणालो.

“रांग नसताना कसा देऊ? तुम्ही तिघं आहात ना? लावा.”

आम्ही तिघांनी रांग लावली. पाच मिनिटांत आमच्या मागे साठजण उभे राहिले. कशाची रांग आहे, असं एकानेही विचारलं नाही. पत्नी मात्र चिडली. तिच्या मते रांग सरळ नव्हती. तिने साठजणांना एक हात अंतरावर उभं केलं, आणि विदूषक घाबरून काठ्यांवरून खाली उतरला.

आठव्या चौकोनाला मामांचा चेहरा उजळला. चाक बदलण्याची स्पर्धा! तिथे शर्यतीची लालभडक गाडी उभी होती. मामांनी बाह्या सरसावल्या. शिट्टी वाजली, आणि निवेदकाची घोषणा पुरी होण्याआधी चारही चाकं जमिनीवर होती. टाळ्या पडल्या. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गाडीच्या खाली वाकून बघत होते, मग मागून, मग पुन्हा खालून.

“अहो, हिला इंजिनच नाही!”

“आजोबा,” निवेदक माइकवरून प्रेमाने म्हणाला, “इंजिन आनंद क्षेत्राच्या कक्षेत येत नाही.”

पावणेचारला बारा शिक्के पुरे झाले. गॅलरीच्या दाराशी फक्त अभिप्राय नोंदवायचा होता. पडद्यावर चार चौकोन : अत्यानंद, खूप आनंद, आनंद, ठीक. मी आणि पत्नीने पहिल्यावर खूण केली. मामांनी दिवसभराचा विचार केला, माणसं कष्टाळू आहेत हे मनाशी मान्य केलं, आणि आपल्या पदरचा सर्वोच्च शेरा देऊन टाकला.

‘ठीक’ला स्पर्श होताच दारावरचा लाल दिवा लागला. कुठूनसे एक समाधान अधिकारी धावत आले. टाय, घाम आणि हसू, तिन्ही गळ्यापर्यंत.

“कुणाला ठीक वाटलंय?”

“मला,” मामा अभिमानाने म्हणाले.

“आजोबा, कुठे कमी पडलो आम्ही?”

“कुठेच नाही. म्हणून तर ठीक.”

अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. “नियम असा आहे, की एका जरी सदस्याचा आनंद अपुरा निघाला, तर संपूर्ण कुटुंबाने बाराही शिक्के पुन्हा घ्यायचे.”

“पुन्हा?” मी ओरडलो. “चारला शर्यत आहे!”

“उजळणी!” पत्नी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “प्रत्येकी एक मिनिट. चला, पळा!”

आम्ही पळालो. पुठ्ठ्याच्या भोकात मी आणि मामांनी एकदमच डोकं घातलं. रांगेत आम्ही रांगेसकट पळालो. विदूषकाने तर आम्हाला लांबूनच पाहून शिक्का फेकला. मामांनी चाकं काढली, लावली, आणि सवयीने पुन्हा एकदा खाली वाकून खात्री केली. चारला दोन मिनिटं कमी असताना आम्ही पुन्हा दारात उभे होतो.

“बाबा, सगळ्यात वरचा चौकोन!” पत्नीने वडिलांचा हातच धरला.

“गाडी न बघता अत्यानंद? चाळीस वर्षांत मी खोटं जॉबकार्ड भरलं नाही.”

“बाबा, कान जाणारेत तुमचे!”

 मामांनी तोंड फिरवलं, आणि त्यांच्या वतीने अत्यानंदावर खूण मी केली. हिरवा दिवा लागला. दार उघडलं.

गॅलरीत चाळीस हजार खुर्च्या होत्या आणि एक झाडूवाला. तो एका खुर्चीत झोपला होता. समोर, जिथे गाड्यांचा रस्ता असायला हवा, तिथे नजर पोहोचेल तिथवर तंबू होते आणि वर फलक : ‘आनंद क्षेत्र – विस्तारित’.

“गाड्या कुठे आहेत?” मी विचारलं.

“गाड्या तीन वर्षं झाली येत नाहीत,” समाधान अधिकारी म्हणाले. “वापर शंभर टक्के झाला, जागा पुरेना. रस्ता तेवढा मोकळा पडला होता. तिकिटाच्या मागे कलम सतरा आहे, बघा ना.”

“आणि लोक ओरडले नाहीत?”

“एकही तक्रार नाही साहेब! खूण केली की लोक दारातूनच पुन्हा तंबूंकडे वळतात. अठ्ठ्याण्णव टक्के अत्यानंद. गेल्या वर्षीची शर्यत तर आजवरची सर्वांत थरारक ठरली. अभिप्रायात आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता तर तुमचाही आहे.”

मामा खुर्चीत बसले. एवढ्या मोठ्या गॅलरीत ते अगदी छोटे दिसत होते. पत्नीने वेळापत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यात यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. त्यांनी कानातले बोळे काढून उजवा कान वाऱ्याला दिला होता.

“थांबा. ऐकू येतंय.”

“काय, बाबा?”

“चार सिलिंडर. डिझेल. तिसरं चुकतंय.” आणि मामा उठून तरातरा चालायला लागले.

मुख्य मंचाच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, खोलीएवढं जुनं जनरेटर धडधडत होतं. शेजारी उपड्या डब्यावर त्याचा चालक बसला होता. वय पन्नाशीचं, कपड्यांचा मूळ रंग ऑइलखाली गेलेला.

“आजोबा, इथे शिक्का मिळत नाही,” तो म्हणाला.

“म्हणूनच आलो. तिसरं चुकतंय तुझं.”

चालक ताडकन उभा राहिला. “तीन महिने झाले, ओरडून ओरडून सांगतोय! वरून उत्तर येतं, जनरेटरला पुस्तिकेत चौकोन नाही, दुरुस्ती मंजूर करता येत नाही.”

“पाना आहे?”

“आहे.”

“बंद कर.”

चालकाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी हुकूम आनंदाने ऐकला. जनरेटर बंद झालं. त्याबरोबर संगीत थांबलं, पडदे काळे झाले, मुलांचा हवेचा किल्ला मुलांसकट हळूहळू खाली बसला. चाळीस हजार माणसं एकदम शांततेत सापडली. काहींनी घाबरून एकमेकांशी बोलायला सुरुवात केली. एका नवऱ्याने बायकोला विचारलं, “तू केस कधी कापलेस?”

मग, कुठेतरी शांतता आहे तर ती बघून घेऊ, म्हणून सगळे आमच्या दिशेने आले. पत्नीने त्यांची उंचीप्रमाणे रांग केली.

मामांनी इंजेक्टरचा पाइप सैल केला, आत अडकलेली हवा काढली, पाइप आवळला. “लाव.”

जनरेटर गुरगुरलं, खोकलं, आणि मग असं गरजलं की पत्रे थरथरले. मामांनी उजवा कान जवळ नेला. डोळे मिटले. चारही सिलिंडर एका लयीत चालले होते, आणि मामांचं डोकं त्या लयीत हलत होतं. लग्नापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

गर्दीत एकच जल्लोष उसळला. फोन उंच झाले. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. निवेदकाचा माइक जिवंत झाला होता, त्याने क्षणात परिस्थिती सावरली : “आणि हे आहेत आजचे विजेते!” मामांना पहिला करंडक मिळाला, चालकाला दुसरा. तिसऱ्याला कुणी नव्हतं, म्हणून समाधान अधिकाऱ्यांनी तो स्वतःलाच दिला.

“आता तरी, आजोबा?” त्यांनी अभिप्रायाचा कागद पुढे केला.

मामांनी चारही चौकोन सोडून खाली कोऱ्या जागेत ऑइलच्या बोटांनी पेन धरून लिहिलं : ‘तिसरं सिलिंडर – ठीक.’

“पुन्हा ठीकच?” अधिकारी रडवेले झाले.

“याच्या वर माझ्याकडे काही नाही हो,” मामा म्हणाले, आणि डोळे पुसले.

या वर्षी आनंदपुस्तिकेत तेरावा चौकोन आला आहे : ‘जनरेटर दर्शन’. रांग दोन तासांची. कानात बोळे सक्तीचे. सुरक्षेसाठी जनरेटर बंद ठेवतात आणि आवाज स्पीकरवरून ऐकवतात. त्या स्पीकरला वीज पुरवायला मागे दुसरं जनरेटर आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. मामा तिथे असतात. उजव्या कानाची मुदत संपली. आता ते इंजिनावर तळहात ठेवून ऐकतात. चालक शेजारी डब्यावर बसतो. दोघांचं छान जमतं.

मी त्या दिवशीचा करंडकाचा फोटो ‘काय शर्यत झाली!’ असं लिहून सगळ्यांना पाठवला होता. दोनशे बाराजणांनी अंगठे दाखवले. जिंकली कुठली गाडी, हे एकानेही विचारलं नाही. त्या दोनशे बारांत तुमचाही अंगठा होता. मी नाव वाचलंय.

असो. या गोष्टीखालीही अभिप्रायाचे चार चौकोन आहेत. आपला वेळ वाचावा म्हणून अत्यानंदावर खूण आधीच करून ठेवली आहे. आपण सही तेवढी करा. न वाचता केलीत तरी चालेल, नेहमी करता तशीच.