जोतीरामचा पाय सुधारला!

मानसाचा पाय फोनवरनं सुधारून दावायचा म्हटलं, तर अख्ख्या कुपवाडात ते काम माज्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई. डॉक्टरचं कामच न्हवं ते. डॉक्टर काय, मिरजेत गल्लोगल्ली हायत. हे डोक्याचं काम! आन डोकं आपल्याकडं हाय!

मी अमृत. कुपवाडात माजं स्पीकर-मंडपाचं दुकान. वय पन्नाशीला टेकलंय, पन वळन लागलं न्हाई. भटजींच्या माईकला गुपचूप एको लावून त्यांचं ‘सावधान’ पलीकडच्या गावापतुर पोचवलेला मानूस मी! लोकांची फिरकी घेतल्याबगर मला जेवान जात न्हाई.

आन त्यात आमचा रॉक बँड. नाव ‘गरम पत्रा’. गायला माया. मिरजेत दवाखान्यात सिस्टर हाय, पेशंटच्या नातेवाइकांवर वरडून वरडून तिचा गळा तयार झालेला. लीड गिटार राजवर्धन, इस्लामपूरकडचा ऊसवाला गडी. बेस गिटार मी. आन ड्रमवर जोतीराम.

सगळी गंमत जोतीरामची! हा जत भागातला. घरची मेंढरं, हा मातुर कुपवाडात पावर प्रेसवर कामाला. ड्रम त्येला कुनीबी शिकवला न्हाई. एक ऑर्केस्ट्रावाला माज्या दुकानात ड्रमसेट टाकून गेला त्यो परत आलाच न्हाई. जोतीराम ड्युटी सुटली की येऊन त्येच्यावर बसायचा आन आपला आपनच शिकायचा.

आता पावर प्रेसवर काय आसतंय, पायानं पेडल दाबलं की वरचा डाय, म्हंजे लोखंडी साचा, धाडदिशी खाली येतो. मधी हात ऱ्हायला तर बोटं गेली! म्हनून पत्रा ठेवायचा, दोन्ही हात वर घ्यायचे, डोळ्यानं बगायचं, मंगच पाय! जोतीरामच्या हाडात हे भिनलेलं. ड्रमवर बसला तरी तेच! हातानं तडतडतडतड वाजवायचा, मंग दोन्ही हात वर, बगायचा, आन मंग पायानं खालचा मोठा ड्रम – धम्म!

म्हंजे हात आन पाय कवाच संगं न्हाईत. मधी एक भगदाड. रिक्षा जाईल एवढं!

पन त्या भगदाडातच आमचा संसार हुता हो! मायाला श्वास घ्यायला तीच जागा. राजवर्धनला गिटारचा आवाज बदलायचं बटन दाबायला तीच जागा. आन मला फुडची तार कंची ते बगायला तीच जागा. कुपवाडात आमचा कार्यक्रम लागला की समोर समदे प्रेसवालेच. भगदाड आलं की शंभर-दोनशे मानसं दोन्ही हात वर करायची, गप्प उभी ऱ्हायाची, आन ‘धम्म’ला सगळ्यांचे पाय संगं जमिनीवर! अंगावर काटा यायचा बगा!

मंग साताऱ्यात बँडची स्पर्धा लागली आन राजवर्धनच्या आबांनी फर्मान काडलं. आबा रिटायर सुभेदार. घरातबी परेडच्या आवाजात बोलनार.

“साताऱ्यात पयला आलास तर वाजीव. न्हाई आलास तर गिटार माळ्यावर, आन तू भरतीच्या मैदानावर!”

राजवर्धनचं तोंड वाळल्या लिंबागत झालं. आमचा लीड गिटार पळायला गेला म्हंजे बँड संपलाच की!

मी म्हटलं, “लेका, काळजी सोड. परीक्षक ताल बगत्यात. आपली एकच खोट हाय, जोतीरामचा पाय उशिरा पडतोय. तेवढा मी सुधारतो!”

माया म्हनाली, “अमृतदादा, तुम्ही हात घातलेलं काही सुधारलंय का आजवर?”

मी कवतिक समजून हसलो.

माजा दोस्त विश्वजीत ठिबकच्या पाइपा विकतो. आवाज आसा, की रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यावानी. त्येला म्हटलं, जोतीरामला फोन लाव, पुन्याचे फर्नांडिस सर बोलतोय म्हन, लय मोठे ड्रम मास्टर.

विश्वजीतनं लावला. मी शेजारी तोंडात रुमाल कोंबून बसलो.

“जोतीराम, अमृतनी तुमचं वादन ऐकवलं. हात सोनं हाय! पन पाय… पाय मागं ऱ्हातोय.”

“व्हय सर.” तिकडं जोतीराम उभा ऱ्हायला आसनार, आवाजावरनं कळत हुतं.

“आवो, पाय म्हंजे मोटर! मोटर चालू झाल्याबगर पानी येईल का? संगं चालवा! आन प्रेशर शेवटच्या टोकापतुर सारखं पायजे.”

ही फिरकी तिथंच संपायची. पन जोतीराम रोज सरांना फोन लावायला लागला! आन विश्वजीतलाबी चव लागली. बायकू त्येचं ऐकत न्हाई, गिऱ्हाईक ऐकत न्हाई, आन हितं एक मानूस “व्हय सर, व्हय सर” करतोय! कवा सांगायचा, गळती शोधा. कवा सांगायचा, फिल्टर साफ ठेवा. जोतीराम त्येचा अर्थ लावत बसायचा, मोबाइलवर ड्रमचे धडे बगायचा, जेवताना ताटापाशी पाय आपटायचा. त्येची बायकू पूजा माज्या दुकानात येऊन रडली. “दादा, घरात भांडी ऱ्हाईना झाल्यात वो फळीवर!”

आन एक दिवस पाय आला! हातासंगं, बरुबर, घड्याळागत! मी विश्वजीतला तिखटजाळ मिसळ खाऊ घातली.

मंग आमी सगळी तालमीला बसलो. गानं चालू झालं. संपलं. 

राजवर्धन म्हनाला, “काका, आपन कुनासारखं तरी वाजतोय.”

“कुनासारखं रं?”

“सगळ्यांसारखं.”

माया भिंतीला टेकून धापा टाकत हुती. “श्वास कुठं घेऊ मी? जागाच ठेवली नाही याने! मलाच ॲडमिट करायची वेळ येईल!”

राजवर्धनचं बटन दाबायचं ऱ्हाऊन गेलेलं. माजी तर तारच चुकलेली, पन मी सांगितलं न्हाई. भगदाड बुजलं हुतं, आन आमी तिघंबी त्येच्यात गाडलो गेलो हुतो!

मी म्हटलं, घाबरू नगा. जसा सुधारला तसा बिगडवतो!

विश्वजीतनं फोन लावला. “जोतीराम, आता पयल्यासारखं वाजवा. पाय उशिरा सोडा.”

 तिकडनं जोतीराम ठासून म्हनाला, “सर, तुमी माजी परीक्षा घेताय. मी घसरायचा न्हाई!”

आन फोन ठेवला!

आता मातुर माजं टाळकं फिरलं. विश्वजीतची गचांडी धरली आन जोतीरामच्या फुड्यात उभा केला. म्हटलं, “गड्या, नीट बग. फर्नांडिस सर म्हंजे ह्यो. पाइपावाला! मी फिरकी घेतली तुजी!”

विश्वजीतनं तोच आवाज काडून म्हटलं, “जोतीराम, पाय म्हंजे मोटर!”

जोतीराम पोट धरून हसला. “आरं तिच्या! हुबेहूब सरांचा आवाज काडला की! दादा, स्पर्धा तोंडावर आली तरी फिरकी सोडत न्हाई तुमी!”

“आरं, खरंच सांगतोय!”

“तुमी खरं कवा सांगितलंय दादा?”

 आयुष्यात पयल्यांदाच खरं बोललो, आन त्येची ही गत!

शेवटचा उपाय म्हनून त्येच्या हाता-पाया पडलो. “बाबा रं, प्रेसवर कसं करतोस? हात वर, बगायचं, मंग पाय. तसंच कर की!”

त्यो शांतपनी म्हनाला, “प्रेसवर बोटं जात्यात दादा. ड्रमवर काय जातंय?”

काय जातंय! आमचा बँड जातोय रं बाबा! पन हे कुनाला सांगायचं?

साताऱ्याला निघालो तवा मी टेम्पोत असा बसलो हुतो, जसं कुनाच्या तरी मातीलाच चाललोय. मागं दोन टेम्पो भरून कुपवाडचे प्रेसवाले, शिट्ट्या फुकत. कॉलेजचं मैदान भरलेलं. पयल्या रांगेत आबा, हाताची घडी घालून.

चालू झालं! जोतीरामनं डोळं मिटलं आन काय वाजीवलं म्हनता! एक ठोका इकडं न्हाई का तिकडं न्हाई. पन जिथं आमचं भगदाड हुतं, तिथं त्यो कवाच येऊन बसलेला! माया ओळीच्या मधीच श्वास घ्यायला थांबली आन गानं फुडं निघून गेलं. एसटी सुटल्यागत ती त्येच्या मागं धावायला लागली. राजवर्धननं बटन दाबलं ते गानं अर्धं झाल्यावर. गिटारनं आसा काय भोंगा फोडला, की परीक्षकबाईंचा चष्माच घसरला. मी एका तारंवरनं दुसऱ्या तारंवर उडी मारली ती मधीच पडलो.

आन आमचे प्रेसवाले! सवयीनं सगळ्यांनी हात वर केले आन ‘धम्म’ची वाट बगत बसले. धम्म तर कवाच हून गेलेला! दोन टेम्पो मानसं हात वर करून तशीच उभी, दरोड्यात सापडल्यावानी! एकजन म्हनाला, “हात खाली कवा घ्यायचं रं?” दुसरा म्हनाला, “अजून डाय पडला न्हाई!”

निकाल लागला. परीक्षक माईकवर म्हनाले, “ड्रमर अप्रतिम. बाकीच्यांनी त्याच्याबरोबर वाजवायला शिकावं.”

मी स्टेजच्या फळ्या मोजायला लागलो.

खाली उतरतोय तर साताऱ्याच्या एका बँडचा म्होरक्या, वीरधवल, जोतीरामचा हात धरून उभा. त्यांचा ड्रमर दुबईला गेलेला. ह्येच्यासारखा तालाचा पक्का गडी त्यांना कुटं गावनार?

जोतीराम माज्याकडं आला. “दादा, जाऊ का वो?”

त्येच्या तोंडावर आसा उजेड, की माजी फिरकी घ्यायची ताकदच गेली. म्हटलं, “जा लेका.”

त्यो वाकून पाया पडला. “तुमच्यामुळंच सरांची गाठ पडली.”

तिकडं आबा गिटारची पिशवी उघडून उभे. राजवर्धननं गिटार आत ठेवली. चेन लागंना. आबांनीच गुडघा टेकून लावली, आन पोराच्या पाठीवर हात ठिवला. माया तोंड फिरवून उभी ऱ्हायली. मीबी तिकडं बगितलं न्हाई.

आता राजवर्धन रोज पहाटं मैदानावर पळतो. जोतीराम साताऱ्यात गाजतोय. विश्वजीतनं “फर्नांडिस सर” म्हनून चार शिष्य धरल्यात. ‘गरम पत्रा’त माया आन मी दोघंच. ड्रमवर मीच बसतोय, आपला आपनच शिकून! म्हटलं, नवा हात, नवा साउंड, हळूहळू लोकांना पटंल.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात आख्खं गानं जीव तोडून वाजीवलं. घामानं निथळत शेवटचा ठोका टाकला आन टाळ्यांची वाट बगत बसलो. आमच्या गल्लीतल्या सुलाबाई पयल्या रांगेतनं उठून स्टेजजवळ आल्या, आन लय मायेनं म्हनाल्या, “अमृता, समदे खिळे ठोकून झालं आसतील तर कार्यक्रम चालू करा की बाबा!”