दुर्गेशने खाल्लेली चिठ्ठी

दुर्गेशने चिठ्ठी तोंडात कोंबली आणि चावून गिळून टाकली. भर चौकात, अख्ख्या गावासमोर. डीजेवाल्या ग्यानीरामने त्याची कॉलर धरली होती.

"थुक बे! कोनाचं नाव होतं? थुक!"

दुर्गेश ठसकत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थुंकला नाही.

चिठ्ठी माझी होती. तिच्यात लिहिलं होतं, 'दुर्गेशचं चित्राचं खूळ घेऊन जा.' मी चौथीपर्यंत शिकले आहे आणि गावात माझं अक्षर सगळे ओळखतात. गिळण्याआधी त्याने ती वाचली का, एवढंच मला कळायला हवं होतं.

दुर्गेश माझ्या दिराचा मुलगा. आईबाप नागपूरला कामाला, हा गावात, जेवायला माझ्याकडे. चित्रकलेचं कॉलेज करून आला. आता चित्र शिकलेल्या माणसाने चित्र काढावं की नाही? हा काढत नाही. हा लोकांच्या हातात ब्रश देतो. विचारलं तर म्हणतो, "मोठी माय, माझं नाही, साऱ्यायचं पाहिजे." एकदा मी अंगण सारवायला घेतलं, तर शेजारच्या चार बाया बोलावून आणल्या. चौघींचे चार हात, अंगणाच्या चार तऱ्हा. तीन दिवस मी त्या अंगणाकडे पाहिलं नाही.

लग्नसराईत भिंतींवर नवरा-नवरीची नावं रंगवून पोट भरतो. तिथेही एकदा मोर रंगवायला नवरदेवाच्या आजीला बसवलं. मोराची कोंबडी झाली. घरधनी म्हणाला, "रंगवलं बुढीनं, मंग तुले पैसे कायले?" नागझिऱ्याजवळच्या एका हॉटेलवाल्याने भिंतीवर वाघ मागितला. याने जंगलातले गाईड जमवले आणि एकेकाला एकेक पट्टा ओढायला लावला. हॉटेलवाला म्हणाला, "ये क्या बनाया, गद्दा?" आणि बिनपैशाने वाटेला लावलं.

मला राग याचा येतो आणि त्याहून जास्त त्यांचा. ग्यानीराम एक गाणं स्वतः म्हणत नाही. नाचतात लोक, तरी त्याचे पैसे आगाऊ. त्याला कोणी म्हणत नाही, नाचलो आम्ही, मंग तुले कायले? दुर्गेशने मात्र फुकट राबायचं! रंगाचे डबे काय झाडाला लागतात?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नारबोद काढतात. ही गवताची बाई. गावाची रोगराई तिच्यासोबत शिवेबाहेर न्यायची आणि तिला जाळायची. यंदा दुर्गेशने ती दोन माणसांएवढी उंच केली आणि घरोघर चिठ्ठ्या वाटल्या. "आपली पीडा लिवा, स्वतःचं नाव लिवू नका, नारबोदेला बांधा." त्याला वाटलं, लोक खोकला लिहितील, ताप लिहितील. लोकांनी एकमेकांना लिहिलं.

आणि उचलायलाही चाळीस माणसं लावली, कारण साऱ्यायची! चौकात चाळीस जणांनी ती चहूकडे ओढली. कंबरेत तुटली. चिठ्ठ्या पसरल्या आणि लोक वाचू लागले. 'ग्यानीरामचा डीजे घेऊन जा' अशा अकरा निघाल्या. 'सासूची जीभ घेऊन जा' ही एकच होती, पण सात सासवा भांडायला उठल्या.

मग सगळे दुर्गेशवर धावले. "तूनंच काऊन लिवाले लावलं?" लिहिणारे हेच, आणि दोषी तो! मी ओरडले, "लिवतानी हात कोनी धरला होता का रे तुमचा?" कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात त्याच्या पायाशी माझी चिठ्ठी पडलेली मला दिसली. ग्यानीरामही तिच्याकडे वाकला. दुर्गेशने ती आधी उचलली आणि तोंडात टाकली.

थोड्या वेळाने भांडून दमलेले लोक घरी गेले. चाळिसांतला एकही थांबला नाही. दुर्गेशने सगळ्या चिठ्ठ्या वेचल्या, नारबोदेच्या पोटात कोंबल्या आणि तिची कंबर दोरीने बांधली. तो डोक्याकडून धरून ओढू लागला. मी पाय धरले. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. शिवेवर पोचून आम्ही तिला काडी लावली. गवत ओलं होतं, चार काड्या वाया गेल्या, मग पेटलं.

मी विचारलं, "वाचली होती का रे?"

"हो."

"मंग खाल्ली काऊन?"

"तुझं अक्षर सारे ओळखतेत. मले नाही, तुले बोलले असते." मग म्हणाला, "पन मोठी माय, चिठ्ठी जळलीच नाही. आता खूळ काही जाऊन नाही राहिलं."

"मेल्या, राहू दे खूळ," मी म्हटलं. "पन पैसे आगाऊ घेत जा."

मग त्याने हाक दिली, "घेऊन जा री नारबोद!" दरवर्षी या हाकेला अख्खं गाव ओरडतं. त्या दिवशी शिवेवर आम्ही दोघंच होतो, तो सव्वीस वर्षांचा आणि मी बहात्तरची.