सातवीच्या वह्या आणि हिरवी शाई

कामं वाटून द्यायला डोकं लागतं आणि ते माझ्याकडे आहे, असं मी त्या रविवारी दुपारपर्यंत मानत होतो.

मी एका खासगी शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. तीन वर्षं तात्पुरता आहे. यंदा बाहेरून तपासणी समिती येणार होती. मुलांची प्रगती किती आणि शिकण्याची ओढ किती, हे ती वह्यांवरून बघणार होती. अहवाल चांगला आला तर मी कायम, नाहीतर घरी, असं आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वच्छ बोलल्या होत्या. अडचण किरकोळ होती. मी चार महिने एकही वही तपासली नव्हती!

बाबा नुकतेच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं फायलींवर शेरे मारलेला माणूस, आता पेपरातल्या चुका खुणावत बसायचा.

"बाबा, या चौतीस वह्यांवर नुसत्या बरोबरच्या खुणा करा."

"न वाचता?"

"वाचल्या तरी चालेल," मी म्हणालो आणि ताणून दिली. सोमवारी त्या वह्या न उघडताच वाटून टाकल्या.

मंगळवारी पहिल्या बाकावरची चष्मेवाली टेबलाशी आली.

"सर, माझा खुलासा आणलाय."

"कसला खुलासा?"

तिने वही उघडली. झाडाच्या आकृतीखाली हिरव्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'सदर झाडास मुळे आढळून येत नाहीत. कारणे तीन दिवसांत सादर करावीत.' खाली तिचं उत्तर: 'पाहुणे आल्यामुळे मुळे राहून गेली. दिलगीर आहे. मुळे सोबत जोडली आहेत.'

खरोखरच जोडली होती. टाचणीने, मातीसकट!

मी धसकून बाकीच्या वह्या मागवल्या. दोन जिवलग मित्रांना विचारणा झाली होती: 'दोन्ही उत्तरे चुकांसह जुळतात. मूळ प्रत कोणाची, ते कळवावे.' दोघांनीही आपापलीच असल्याचं लिहून दिलं होतं, आयांच्या सह्यांनिशी. मागच्या बाकावरच्या बडबड्याची वही कोरी असायची. तिच्यावर शेरा होता: 'चार महिन्यांत काहीच घडले नाही काय?' त्याने 'घडलेले पुढीलप्रमाणे' म्हणून पाचही धडे लिहून काढले होते!

वर्गाचं कचेरीत रूपांतर झालं. मधली सुट्टी कधी होणार, हे कुणी विचारेना. जो तो विचारी, "सर, माझं प्रकरण कुठवर आलं?"

"बाबा, हे थांबवा!" मी घरी येऊन ओरडलो.

"थांबवा? चौतीस प्रकरणं उघडी आहेत," बाबा म्हणाले आणि माझ्या हातातली वह्यांची पिशवी त्यांनी काढून घेतली. निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

समितीच्या प्रमुख बाई वर्गात तासभर वह्या वाचत बसल्या. चष्मेवालीची मुळं त्यांच्या मांडीवर पडली, तरी त्या हसल्या नाहीत.

"मुलं स्वतःची चूक शोधतात, कारण देतात, सुधारतात," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "प्रगती उत्तम. ओढ तर मी अशी कुठे पाहिली नाही. सर, हे शेरे तुमचेच ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बडबड्या उभा राहिला.

"नाही बाई. सरांचं फळ्यावरचं अक्षर वेगळं आहे. हवं तर दोन्ही नमुने जोडतो."

माझ्याच वर्गातला पुरावा! शेरे बाबांचे आहेत, हे मला कबूल करावं लागलं. मोठ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी बाबांना बोलावून घेतलं. आता ते शाळेचे सल्लागार आहेत. शिक्षकांच्या नेमणुकांचे कागद आधी त्यांच्याकडे जातात. अहवाल चांगला आला होता, म्हणून मला कायम करायची फाईलही गेली. मी आठवडाभर त्यांना न मागता चहा करून दिला. मग धीर करून विचारलं.

"बाबा, माझी फाईल वाचलीत?"

"वाचली. काम ठीक आहे. मुलं शिकताहेत."

"मग सही?"

"उमेदवार माझा मुलगा आहे. मला सही करता येत नाही. दुसरा अधिकारी नेमावा, असं मी कळवलंय."

"त्याला किती दिवस लागतील?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं.

"काही काळजी करू नकोस. आमच्या कचेरीत तर सहा वर्षं लागायची."